अडगळीतली वही

घरातली वडीलधारी बाई गेली की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार माणसं उठून बोलतात. ‘कालकथित आई फार कष्टाळू होती, मायाळू होती, तिनं लेकरांना शिकवलं.’ हे खरंच असतं. पण ऐंशी वर्षांचं आयुष्य एवढ्या दोन ओळींत संपवायचं का, असा प्रश्न आम्हाला दरवेळी पडतो. ती कशाला भ्यायली, कशासाठी भांडली, कोणत्या दिवशी उपाशी निजली, हे कोणी सांगत नाही. कारण तिला ते कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आज आम्ही फलटणच्या बेबीताई कांबळे यांची आठवण काढत आहोत. त्यांचा जन्म १९२९ सालचा. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावी, आजोळच्या महारवाड्यात त्यांचं लहानपण गेलं. तेराव्या वर्षी लग्न झालं. पुढं फलटणमध्ये नवरा-बायकोनं आधी सुटी द्राक्षं विकली, मग भाजीपाला आणि मग छोटंसं किराणा दुकान टाकलं. लेकरं सांभाळायची, चूल सांभाळायची आणि गल्ल्यावरही बसायचं. आपल्या वस्तीत अशा बाया घरोघरी आहेत.

पण या बाईला वाचायचं वेड. पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की त्या तेच कागद वाचत बसायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. बाबासाहेबांच्या आधीचा महारवाडा कसा होता, बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण कसा नसायचा, सवर्ण माणूस समोरून आला की वाट सोडून बाजूला कसं व्हावं लागायचं, सासुरवासात कोवळ्या सुना कशा पिचायच्या, हे सारं त्यांनी लिहिलं. आणि लिहिलेलं नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून घराच्या धुळीच्या कोपऱ्यात लपवून ठेवलं. एक-दोन नव्हे, जवळजवळ वीस वर्षं!

फलटणला राहून काम करणाऱ्या डॉ. मॅक्सिन बर्नसन यांना या लिखाणाचा सुगावा लागला. त्यांनी धीर दिला. मग १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः छापून आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. पुड्या बांधणाऱ्या हाताचं लिखाण आता विद्यापीठांत अभ्यासलं जातं.

बंधूंनो, इथं जरा थांबू या. ही वही त्यांनी गावकीपासून लपवली नव्हती, आपल्याच घरात लपवली होती. नवऱ्याचा संशय आणि मार आपल्याही वाट्याला आला, हे बेबीताईंनी पुढं मुलाखतीत उघडपणे सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बाबासाहेबांबरोबर जुना धर्म टाकला. पण जुना नवरेपणा टाकला का? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याच खाली बायकोवर उगारलेला हात, हे चित्र आपल्या वस्तीतून गेलं आहे असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्यांचे आपण अनुयायी आहोत.

बेबीताई मात्र रडत बसल्या नाहीत. फलटणजवळ निंभोरे इथं त्यांनी निराधार, वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालवली. स्वतःच्या लेकरांची आई होतीच, ती परक्या लेकरांचीही झाली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या मागं पैसाअडका किती राहिला हे आम्हाला ठाऊक नाही. पण एका समाजाच्या बाया कशा जगल्या याचा दाखला त्या मागं ठेवून गेल्या. तो नसता तर आपल्या नातींना ते कोणी सांगितलं असतं?

भगिनींनो, प्रत्येक आजी पुस्तक लिहील असं नाही. कित्येकींना अक्षरओळखही नाही. पण घरात शाळेत जाणारी नात आहे, नातू आहे. तिला दोनशे पानी वही आणून द्या. येत्या रविवारी विहारातून आलात की आजीजवळ बसा. तिचं माहेर कुठलं, पाणी कुठून आणायची, देव्हाऱ्यातले देव कोणी आणि कसे सोडवले, दीक्षेच्या वेळी घरात काय बोलणं झालं, पहिलं लेकरू शाळेत घालताना पैसे कुठून आले, हे विचारा. ती म्हणेल, ‘माझं काय मेलीचं सांगायचं!’ तरी विचारा. ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत उतरवून घ्या. भाषा सुधारायला जाऊ नका.

आणि ती वही अडगळीत लपवू नका. बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी, वरच्या फळीवर ठेवा.

जयभीम!