सरासरीचा पाऊस आणि शिवारातला पाऊस



जिल्ह्यात पाऊस सरासरीइतका झाला असे कागद सांगतो, तेव्हा आम्ही विचारतो : घाटावर की घाटाखाली? २०२३ साल आठवा. २२ जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पावसाने हाहाकार केला, जमिनी खरडून गेल्या. मागोमाग आलेला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला सरकारने दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यांत बुलढाणा आणि लोणार होते. एकाच खरिपात एक कोपरा बुडाला, दुसरा करपला. दोहोंची बेरीज करून भागाकार केला की ‘समाधानकारक पाऊस’ तयार होतो!

कपाशीला वर्षाच्या बेरजेशी देणेघेणे नाही. पाते-फुलांच्या वेळी तीन आठवडे ओढ बसली की पातेगळ होते. पुढे पाऊस आला तर नवे पाते धरते, पण उशिरा. बरड रानात तोवर ओल राहत नाही. (शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा, थोडी ओल धरते. एवढे आपल्या हातात आहे.) ज्वारीचे उलटे. दाणा पक्व होताना झड लागली की तो काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो.

चोवीस तासांत २.५ मि.मी. पडला की हवामान खात्याच्या लेखी तो पावसाचा दिवस. तेवढ्याने ढेकूळही भिजत नाही. त्यात पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, आणि आपले शिवार दहा कोस दूर. पीकविम्यात पावसाच्या खंडासाठी आगाऊ भरपाईची तरतूद तरी होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने तीही वगळली आणि सारा हिशेब पीक कापणी प्रयोगावर नेला. म्हणजे पुन्हा मंडळाची सरासरीच!

तेव्हा प्रत्येक गावाने आपला पाऊस आपण मोजावा. सरळ उभ्या कडांचा डबा झाडाछपरापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत तारीख, मि.मी. आणि पिकाची अवस्था लिहा, डबा रिकामा करा. साहेब म्हणतील, ही वही आम्ही पुरावा मानत नाही. शंभर गावांच्या वह्या एकदम टेबलावर पडल्या की काय म्हणतात ते पाहू. गावोगाव पर्जन्यमापक आणि खंडाची भरपाई, या दोन मागण्या घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. पुढच्या बैठकीला येताना वही आणा.