पडद्यावरचा सावकार आणि वेताळाचा प्रश्न

चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळ लांबलेली असते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, दुकान बंद होते, प्रतिक्रमण आटोपते आणि मग तीन पिढ्या दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसतात. आजोबांच्या आग्रहाने एखादा जुना चित्रपट लागतो. काही वेळाने पडद्यावर पुढ्यात वही घेऊन बसलेला, गोड बोलणारा आणि गळा कापणारा लाला अवतरतो. नातवंडे हसतात, वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात आणि कोणीतरी वाहिनी बदलतो.

ही अस्वस्थता खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या घराला आपल्या व्यवसायाचे असे विडंबन रुचणार कसे? तरीही हे चित्रपट अर्ध्यावर सोडू नयेत. शेवटपर्यंत पाहिले, तर त्यांत व्यापाऱ्याची निंदा जेवढी आहे, त्याहून अधिक असे काही सापडते, जे व्यापारी घराच्याच कामाचे आहे.

मराठी मातीत या परंपरेचा आरंभ कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वतीने १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. देवादिकांच्या कथांनी पडदा व्यापलेला असताना पेंटरांनी कर्जात बुडालेला एक शेतकरी निवडला. सावकाराच्या पाशात त्याची जमीन जाते आणि पोट भरण्यासाठी तो शहरात गिरणीची वाट धरतो. पुढे थोर दिग्दर्शक म्हणून गाजलेले व्ही. शांताराम यांनी त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. पेंटरांनी १९३६ मध्ये हाच विषय बोलपटाच्या रूपाने पुन्हा मांडला. एकाच दुःखाकडे कलावंत दोनदा वळतो, तेव्हा ते दुःख समाजात खरोखर असते, हे मान्य केले पाहिजे.

ते होतेच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याची झळ अहमदनगर जिल्ह्यालाही लागली. मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या घरांवर जमाव चालून गेले. मनुष्यहानीपेक्षा कर्जरोखे हिसकावून जाळण्याकडेच लोकांचा रोख होता. कापसाच्या तेजीनंतरची मंदी, सारावाढ आणि परक्या सरकारची न्यायालये ही त्यामागची मोठी कारणे होती. एकट्या सावकारावर सारा दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि लोकांनी जाळले ते कागद कोणाच्या पेटीतून निघाले होते, हा प्रश्न उरतोच. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तोही याच कारणाने. पडद्यावरच्या लालाचे मूळ कोण्या पटकथाकाराच्या द्वेषात नाही, याच भूमीच्या स्मृतीत आहे.

त्या लालाचे सर्वांत स्मरणीय रूप म्हणजे मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’तील (१९५७) सुखीलाला. कन्हैयालाल या समर्थ नटाने हीच भूमिका मेहबूब यांच्याच ‘औरत’मध्ये (१९४०) केली होती, म्हणून त्यात सरावलेली सहजता आहे. तो ओरडत नाही. त्याचे सारे बळ वहीत आहे, कारण समोरच्याला ती वाचता येत नाही. पाचशे रुपयांच्या कर्जाच्या अटींवरून तंटा होतो, पंच सावकाराच्या बाजूने कौल देतात आणि पिकाचा तीन-चतुर्थांश वाटा व्याजापोटी जाऊ लागतो.

इथेच वाहिनी बदलणारे घर शेवटाला मुकते. राधेचा धाकटा मुलगा बिरजू दरोडेखोर होतो, लालाचा जीव घेतो आणि त्याच्या मुलीला पळवून नेऊ लागतो. तेव्हा राधा बंदूक उचलते आणि स्वतःच्या पोटच्या मुलावर गोळी झाडते. ज्या लालाने तिचे आयुष्य धुळीला मिळवले, त्याच्याच मुलीची अब्रू राखण्यासाठी ती आपला मुलगा गमावते. व्यापाऱ्याच्या घराला याहून मोठा न्याय हिंदी पडद्यावर क्वचितच मिळाला असेल. चित्रपटाचा रोष लालाच्या कुळावर किंवा जातीवर नाही, तो त्याच्या कपटावर आहे. हा भेद अर्धा चित्रपट पाहून उमगत नाही.

राहात्याला अगदी लागून असलेल्या शिर्डीची कथाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. ‘शिर्डी के साईबाबा’ हा १९७७ चा चित्रपट सुधीर दळवी यांच्या शांत, संयत अभिनयामुळे आजही घरोघर पाहिला जातो. त्यातील पाण्याने पेटलेल्या दिव्यांचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. वाण्यांनी संगनमत करून तेल नाकारले आणि पणत्या पाण्यावर तेवल्या. गोविंदराव दाभोळकर यांच्या ‘श्री साईसच्चरित’ या पोथीत हा प्रसंग आहे. तेथे दुकानदारांचा खरा अपराध तेल न देणे हा नाही. घरात तेल असता नाही म्हणणे, हा आहे. दान देणे न देणे ऐच्छिक. असत्य मात्र ऐच्छिक नाही. चित्रपटाच्या झगमगाटात चमत्कार उरतो आणि हा सूक्ष्म भेद मागे पडतो.

त्याच पोथीत राहात्याचे खुशालचंद शेठही आहेत, आणि पडद्यावरून वाण्याला ओळखणाऱ्यांना ते सहसा ठाऊक नसतात. चंद्रभान शेठ मारवाडी आणि त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्यावर साईबाबांचा लोभ होता. शिर्डीबाहेर फारसे कोठे न जाणारे बाबा राहात्याला मात्र येत, गावकरी त्यांना वाजतगाजत आत नेत आणि ते खुशालचंदांच्या घरी बसत. पुष्कळ दिवस भेट नाही म्हणून बाबांनी एकदा काकासाहेब दीक्षितांना टांग्यातून राहात्याला धाडले. इकडे दुपारच्या झोपेत खुशालचंदांना बाबांनी स्वप्नात बोलावल्याचीही कथा आहे. एका पोथीत तेल नाकारणारा वाणीही आहे आणि संताचा जिवलग शेठही आहे. दोघांचा व्यवसाय एकच. फरक केवळ वर्तनाचा.

चित्रपट निवाडा करून मोकळा होतो. प्रेक्षकालाच निवाड्याला बसवणारी एक अद्भुतरम्य मालिका मात्र १९८५ मध्ये दूरदर्शनवर आली. रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’मध्ये अरुण गोविल राजा झाले होते आणि ज्येष्ठ अभिनेते सज्जन वेताळ. आज तिचे तंत्र ढोबळ वाटते. पांढऱ्या केसांचा वेताळ आणि स्मशानातला धूर पाहून संगणकयुगातील मुलांना हसू येते. मात्र अलीकडच्या भपकेबाज मालिकांत एका नागिणीचा सूड वर्षानुवर्षे लांबतो आणि शेवटी प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. सागरांच्या मालिकेत प्रत्येक कथा एका प्रश्नावर येऊन थांबे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. श्रम वाया गेले तरी सत्य बोलायचे, असा तो नियम होता. व्यापाऱ्याला याहून ओळखीचा पेच कोणता?

या कथांचे एक जुने रूप अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे. तेथील एक कथा पेढीवर सांगावी अशी आहे. मदनसेना ही एका वाण्याची मुलगी. लग्नापूर्वी तिच्यावर आसक्त झालेल्या धर्मदत्त नावाच्या व्यापारीपुत्राला ती संकटात शब्द देऊन बसते की, लग्नानंतर प्रथम तुझ्याकडे येईन. लग्न झाल्यावर ती पतीला हे सांगते आणि पती तिला जाऊ देतो. वाटेत चोर अडवतो. परत येताना थांबते, असे तिने वचन देताच तोही सोडतो. धर्मदत्त तिचा सत्यनिष्ठपणा पाहून तिला स्पर्शही न करता परत पाठवतो आणि चोर दागिन्यांसह घरी जाऊ देतो. वेताळ विचारतो, तिघांत उदार कोण? राजा म्हणतो, चोर. पतीने सोडले, कारण तिचे मन दुसरीकडे आहे असे त्याला वाटले. धर्मदत्ताचा आवेग काळाने ओसरला होता आणि सकाळी ही गोष्ट राजाच्या कानी जाईल, ही धास्ती होती. चोराला कोणाचेही भय नव्हते. तरी त्याने हाती आलेले धन सोडले.

हा निवाडा बोचरा आहे. भयापोटी केलेली सचोटी आणि मनापासूनची सचोटी यांत राजा फरक करतो. कर खात्याच्या धास्तीने लिहिलेले खरे बिल आणि कोणी तपासणार नसतानाही खरे राहिलेले माप, ही दोन्ही व्यवहारात सारखीच दिसतात. आत्म्याच्या हिशेबात नव्हे.

जैन परंपरेने हा हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. खोटा लेख लिहिणे आणि दुसऱ्याची ठेव लाटणे हे सत्यव्रताचे अतिचार. खोटी वजने-मापे, भेसळ आणि चोरीचा माल घेणे हे अचौर्यव्रताचे. सुखीलालाची वही म्हणजे मूर्तिमंत कूटलेख होय. ज्या दोषाबद्दल चित्रपट लालाला दोषी ठरवतो, त्याचेच स्मरण श्रावक प्रतिक्रमणात करतो. मग पडद्यावर तोच दोष पाहून अपमान का वाटावा?

पडद्याने एक बाजू मात्र झाकली, हे नमूद केलेच पाहिजे. धर्मशाळा आणि पांजरपोळ उभारणारे, दुष्काळात अन्नछत्रे चालवणारे, गोरगरिबांच्या नावे खर्च टाकून विसरून जाणारे शेठ चित्रपटांत फारसे आले नाहीत. ही उणीव खरी आहे. तिची भरपाई निषेधपत्रांनी होत नाही, ती व्यवहारानेच होते.

दिवाळीला नव्या वहीवर वीर निर्वाण संवत आणि विक्रम संवत लिहिले जातात. दोहोंत ४७० वर्षांचे अंतर. वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा परंपरेने ज्या विक्रमादित्याशी जोडला, त्याचेच नाव व्यापारी दरवर्षी वहीच्या माथ्यावर लिहितो. त्या नावाचा अधिकार उत्तर देणाऱ्यालाच शोभतो. म्हणून चातुर्मासातील एखाद्या संध्याकाळी ‘मदर इंडिया’ शेवटपर्यंत पाहावा, नंतर दूरचित्रवाणी बंद करावी आणि घरातील सर्वांत लहान मुलाला विचारावे : लाला कोठे चुकला? मूल जे सांगेल, ते मोठ्यांनी मुकाट ऐकावे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना ग्राहकाचे आणि ऋणकोचे नावही मग आपोआप ओठांवर येईल.