आधी कापूस, मग डीमॅग

लखनौला बदली झाल्यापासून महिन्यातला एखादा रविवार मी मानक नगरला काढतो. तिथं रेल्वेची आरडीएसओ आहे. 1957 पासून रेल्वेच्या इंजिन-डब्यांची आणि रुळांची मानकं ही संस्था ठरवते. तिच्या कॉलनीत नागपूरचे एक काका राहतात. त्यांच्याकडे दोन कॅसेट डेक आणि एक स्पूलवाला टेपरेकॉर्डर, तिन्ही चालू. छावणीतून तिकडं जाण्याचं खरं कारण तेच.

जुन्या टेपरेकॉर्डरचा विषय निघाला की आपले निवृत्त साहेब लोक हमखास सांगतात, "दर रविवारी हेड डीमॅग कर, आवाज नव्यासारखा राहील." मला हा सल्ला पटत नाही. शिस्त म्हणून चांगला वाटतो, पण त्यानं नुकसान होऊ शकतं. ते माझ्या हातून झालेलं आहे.

वडील फौजेत, पुंछला होते. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं शेजारच्या टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट पाठवली. बैल विकल्याचं, पाऊस लांबल्याचं, मध्येच कोंबड्यांना हाकलल्याचं. वडिलांनी ती ट्रंकेत जपली. आजी गेली, कॅसेट माझ्याकडे आली. मागच्या पोस्टिंगला मी हौसेनं डीमॅग्नेटायझर घेतला. दिसायला सोल्डरिंगच्या इस्त्रीसारखा, आत तारेचं वेटोळं. हेडचं काम नीट झालं, पण कॅसेट टेबलावर त्याच्या शेजारीच पडली होती, वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. आता ती लावली की आजीचा आवाज ठरावीक अंतरानं बसतो आणि पुन्हा वर येतो. टेप गुंडाळलेली असते ना, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची तीच बाजू मार खाते. आणि टेपची दोन्ही अंगं एकाच फितीवर, म्हणून बी बाजूही त्यात गेली.

काकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे बाबा, आधी हेड पाहिलं होतं का तू?"

नव्हतं पाहिलं. आवाज दबका आला की आपण चुंबकत्वावर खापर फोडतो. खरा चोर बहुधा मळ असतो. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते. म्हणजे 10,000 हर्ट्झची एक लहर टेपवर 5 मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत बसते. हेडवर टेपच्या तपकिरी भुकटीचा एक मायक्रॉनचा थर जमला, तरी टेप तेवढीच वर उचलली जाते आणि आवाजाची धार जाते. त्यावर उपाय कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हेड, कॅप्स्टन पुसा. रबराच्या पिंच रोलरवर मात्र अल्कोहोल जपून, कोमट पाणी बरं. तरीही आवाज दबका असेल तर हेड तिरकं झालंय का ते बघा.

डीमॅगचा नंबर त्यानंतर. त्याची गरज नाहीच असं मी म्हणत नाही. हेडमध्ये चुंबकत्व उरलं तर खरखर वाढते, आणि टेप वाजेल तशी तिच्यावरचे बारीक स्वर थोडे थोडे पुसले जातात. ते परत येत नाहीत. पण पद्धत पक्की हवी. टेपरेकॉर्डरचा प्लग काढा. सगळ्या कॅसेट दुसऱ्या खोलीत. टोकाला प्लास्टिकची टेप गुंडाळा, नाहीतर हेडला चरा जातो. यंत्र हातभर लांब असताना चालू करा, हळू जवळ न्या, फिरवा आणि त्याहून हळू मागे आणा. आपल्याकडे वीज 50 सायकलची, चुंबकाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते. दूर जाताना प्रत्येक उलटफेर आधीच्यापेक्षा दुबळा होतो, म्हणून हेड कोरं होतं. जवळ असतानाच बटण बंद केलं, किंवा लाइट गेली, तर शेवटचा झटका हेडमध्येच बसतो. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही तिथं मी हात लावणार नाही.

आणखी एक. स्वस्तातल्या छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये पुसायचं हेड म्हणजे साधा कायमचा चुंबक असतो. त्याच्याजवळ हे यंत्र नेऊ नका, तो कमजोर होईल. (नौदलवाले हेच काम अख्ख्या जहाजांवर करतात, चुंबकी सुरुंगांपासून वाचायला. त्यांच्याकडे त्याची स्वतंत्र व्यवस्था असते. आपल्याकडे एक टेबल आणि घाई.)

तेव्हा दर रविवारचा हट्ट सोडा. ज्या कॅसेटची दुसरी प्रत नाही, तिच्यासाठी मात्र हेड पुसा, एकदा नीट डीमॅग करा, आणि पहिल्याच वाजवण्यात तिची कॉम्प्युटरवर नक्कल घ्या. "आधी जरा ऐकून बघू" म्हणून चार वेळा फिरवू नका. तुमच्यापैकी कित्येकांच्या ट्रंकेत अशा कॅसेट असतील. रबर चिकट होतंय, पट्टे तुटतायत, दुरुस्त करणारे हात म्हातारे झालेत.

आजीची ए बाजू गेल्या रविवारी काकांच्या डेकवर उतरवून घेतली, बसक्या आवाजासकट. कोंबड्या मात्र स्पष्ट आल्या आहेत. बी बाजू पुढच्या खेपेला. काकांनी बजावलंय, डीमॅग छावणीतच ठेवून ये.