गिरणी सुधारली, पण माप कोणाच्या हाती?

काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की खरिपाची ज्वारी काळी पडते. मोंढ्यात नेली की आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक नजर टाकतो आणि म्हणतो, 'जनावराचा माल आहे.' या एका वाक्यावर क्विंटलचा भाव खाली येतो. दाणा कोणी सोलून पाहत नाही, दळूनही पाहत नाही. कापसाची तीच गत. रुईचा उतारा किती हे जिनिंगमध्ये कळते, पण भाव ठरतो गाडीजवळ, ढिगात हात घालून. मालातून शेवटी काय निघते हे ज्याला ठाऊक असते तो भाव सांगतो. ज्याला ठाऊक नसते तो ऐकून घेतो.

या खेपेच्या जिल्हा बैठकीपुढे हाच विषय ठेवावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी एका यंत्राचा इतिहास सांगणे भाग आहे. ते यंत्र म्हणजे मैदा आणि रवा काढणारी रोलर पीठगिरणी. या गिरणीने गव्हाच्या एका हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीला बाजारात वरच्या पायरीवर नेऊन बसवले. परंतु वाढलेला भाव पिकवणाऱ्याच्या घरी आपोआप पोचला नाही. तो का पोचला नाही आणि मग त्या शेतकऱ्यांनी काय केले, हे कोरडवाहू शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

दगडाऐवजी बिडाचे रोलर

जात्याची रीत आपल्या घरातली आहे. दोन तळ्या, मधे दाणा, वरची तळी फिरते आणि एका घासात दाण्याचे पीठ होते. साल, कोंब आणि आतला पिठूळ भाग सगळे एकत्र येते. भाकरीला ते चांगलेच. परंतु युरोप-अमेरिकेतल्या शहरी गिऱ्हाइकाला पाव हवा होता, तोही पांढरा. त्यासाठी कोंडा वेगळा काढायला हवा. गव्हाच्या पोटात खोल चीर असते आणि साल त्या चिरेत आतपर्यंत गेलेली असते, त्यामुळे गहू बाहेरून घासून स्वच्छ सोलता येत नाही. तो उघडावा लागतो आणि आतला भाग सालीवरून खरवडून काढावा लागतो.

हे काम दगडाला साधत नव्हते. दगड जवळ बसवून जोराने फिरवले की कोंड्याचा भुगा होतो, तो पिठात मिसळतो आणि पीठही तापते. दगड टाकवायला कारागीर लागतो तो वेगळाच. १८३० च्या दशकात याकोब सुल्झबर्गर या स्विस इंजिनिअरने लोखंडी रोलरची गिरणी उभी केली आणि पुढे हंगेरीत पेस्टलाही तशी गिरणी निघाली. १८७० च्या दशकात फ्रीडरिख वेगमन या दुसऱ्या स्विस माणसाने चिनी मातीचे रोलर आणले. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात साच्यात झटकन थंड करून पृष्ठभाग कठीण केलेली बिडाची रेल्वेची चाके होत असत. त्याच बिडाचे, तिरप्या खाचा पाडलेले रोलर आंद्राश मेखवार्ट याने केले आणि १८७४ साली त्याचे पेटंट घेतले.

यातली खुबी अशी. दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, पण सारख्या वेगाने नाही. खाचांच्या जोडीत एक रोलर दुसऱ्याच्या सुमारे अडीच पट वेगाने फिरतो. हळू फिरणारा दाणा धरतो आणि जोरात फिरणारा त्याला उघडून खरवडतो. दाण्याचा भुगा होत नाही. निघालेला जाड रवा चाळायचा, साल पुन्हा पुढच्या जोडीत घालायची, असे पाच-सहा वेळा करायचे. शेवटी गुळगुळीत रोलरमध्ये रव्याचे पीठ करायचे. त्याआधी गव्हाला पाणी देऊन मुरू देतात, म्हणजे साल चिवट होते आणि चुरा न होता पापुद्र्यासारखी निघते.

दाणा तोच, मान दुसरा

अमेरिकेच्या मिनेसोटा आणि डकोटा भागात थंडी अशी कडक की हिवाळी गहू टिकत नसे. तिथले शेतकरी वसंतात पेरायचा कठीण गहू घेत. त्याची साल ठिसूळ, दगडाखाली तिचा चुरा होई आणि पीठ करडे दिसे. हिवाळी मऊ गव्हाच्या पिठापुढे ते हलके ठरे. वास्तविक त्या गव्हात चिकाचा अंश, म्हणजे ग्लुटेन, भरपूर होता. पण तो ज्या जाड रव्यात होता त्यात कोंड्याचे तुकडे मिसळलेले असत.

१८७०-७१ च्या सुमारास मिनियापोलिसच्या वॉशबर्न गिरणीत एडमंड लाक्रोआ याने चाळणीखालून हवेचा झोत सोडणारे यंत्र बसवले. हलका कोंडा वर उडतो आणि जड रवा चाळणीतून खाली पडतो. आपल्या खळ्यावरची उफणणी ती हीच. एवढ्या सुधारणेने कठीण गव्हाच्या पिठाला पहिला नंबर मिळाला. २ मे १८७८ रोजी त्या कंपनीची मोठी 'ए' गिरणी पिठाच्या धुळीने पेट घेऊन उडाली, १८ कामगार मेले. त्यानंतर विल्यम द ला बार या इंजिनिअरला हंगेरीची पद्धत पाहायला पाठवले आणि नवी गिरणी रोलरची झाली. १८८० पासून पुढची पन्नास वर्षे पिठाच्या धंद्यात मिनियापोलिस अमेरिकेत पहिले होते.

लक्षात घ्या, शेतात काहीही बदलले नव्हते. बी तेच, जमीन तीच, दाणाही तोच. बदलले होते दळण. कालचा हलका माल आज उत्तम ठरला. म्हणजे 'हलका माल' हा शिक्का दाण्याच्या अंगचा गुण सांगत नव्हता, त्या काळच्या दळण्याची मर्यादा सांगत होता.

पितळी भांड्याचा कारभार

मग शेतकऱ्याला काय मिळाले? मिनियापोलिसच्या गिरणीमालकांनी आपला संघ केला आणि गहू एकत्र खरेदी करू लागले. गिऱ्हाईक एकच. रेल्वेच्या रुळाकडेची कोठारे त्यांच्या मर्जीची आणि प्रतवारी त्यांचीच माणसे करणार. प्रतवारीचे साधन होते एक लहान पितळी भांडे. त्यात गहू भरायचा, तोलायचा आणि त्यावरून मापाला किती वजन भरते हे काढून प्रत लावायची. पायलीने धान्य मोजणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की हलक्या हाताने भरलेली पायली आणि दाबून भरलेली पायली यांचे वजन वेगळे येते. भांडे भरणारा हात खरेदीदाराचा होता.

१८७८ सालची तिथली एक निवडणूक या 'पितळी भांड्या'वरच लढवली गेली. शेतकऱ्यांच्या बाजूने इग्नेशियस डॉनेली उभा होता आणि समोर गिरणीमालक घराण्यातला विल्यम वॉशबर्न. डॉनेली हरला. पण प्रश्न हरला नाही. १८८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून धान्याची तपासणी आणि प्रतवारी खरेदीदाराकडून काढली आणि राज्याच्या निरीक्षकांकडे दिली.

एवढ्याने भागले असते तर गोष्ट इथेच संपली असती. शेजारच्या नॉर्थ डकोटात ती पुढे चालू राहिली. १९१६ साली तांबेऱ्याने गहू चिंबला. दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघाला. बाजाराने त्याला 'फीड डी', म्हणजे जनावराच्या खाद्याची प्रत लावली आणि त्या भावाने घेतला. फार्गोच्या कृषी महाविद्यालयात एडविन लॅड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. हलक्या प्रतीच्या गव्हाचे दळण करून, पाव भाजून त्यांनी निकाल छापला. खाद्य म्हणून घेतलेल्या गव्हातून माणसाच्या खाण्याचे चांगले पीठ निघत होते. शेतकऱ्याकडून जनावराच्या भावाने घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला पावाच्या भावाने विकायचे, हा व्यवहार आकड्यांनिशी उघडा पडला.

तिथल्या शेतकऱ्यांनी १९१५ साली 'नॉनपार्टिझन लीग' काढली होती. १९१९ साली त्यांच्या विधिमंडळाने राज्याच्या मालकीच्या गिरणीचा कायदा केला आणि १९२२ साली ग्रँड फोर्क्सला ती सुरू झाली. पहिल्या वर्षांत ती तोट्यात होती हेही सांगितले पाहिजे. आज मात्र ती चालू आहे आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पीठगिरण्यांत गणली जाते.

यावरून कोणी म्हणेल, आपणही सरकारकडे गिरणी मागू या. सरकार मालक झाले म्हणजे शेतकरी मालक होतो असे नाही. १९७१ च्या कायद्याने आलेली कापूस एकाधिकार खरेदी आपण सर्वांनी भोगली आहे. प्रतवारीच्या टेबलाशी किती वेळ उभे राहावे लागे आणि चुकारा कधी मिळे, हे कोणाला नव्याने सांगायला नको. नॉर्थ डकोटाच्या गोष्टीतून घ्यायचे ते गिरणीच्या आधीचे पाऊल. लॅड यांनी हलका ठरवलेला गहू स्वतः दळून पाहिला आणि हिशेब सर्वांपुढे ठेवला. त्यानंतर 'खाद्याचा माल' हा शब्द निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण उरले नाही.

ज्वारीसाठी कोणते यंत्र?

रोलर गिरणी ज्वारीसाठी बनलेली नाही. ज्वारीचा दाणा गोल, त्याला गव्हासारखी चीर नाही. साल ठिसूळ, रोलरमध्ये तिचा चुरा होतो. बीजांकुर मोठा, दाण्याचा सुमारे दहावा हिस्सा, आणि खोल बसलेला. त्यात तेल असते, म्हणून ज्वारीचे पीठ लवकर कडवट होते आणि दुकानाच्या फळीवर टिकत नाही. गव्हाच्या मैद्याने शहर व्यापले त्यामागे चवीइतकाच हा टिकाऊपणाही आहे. ज्वारी मागे पडली ती खाणाराला नकोशी झाली म्हणूनच असे नव्हे. तिच्या दाण्याजोगे यंत्र धंद्यात पुरेसे आलेच नाही.

पण जी चीर नसल्याने रोलरचा उपयोग नाही, तीच नसल्याने दुसरी वाट मोकळी होते. ज्वारी बाहेरून घासून सोलता येते. खरखरीत एमरीच्या चाकावर साल जाते, दाणा मोत्यासारखा निघतो आणि त्याचा रवा किंवा पीठ करता येते. वरवर काळी पडलेली ज्वारी अशी सोलली की काळेपणाचा मोठा भाग सालीबरोबर जातो. गावपातळीवर अशी यंत्रे चालतात का, ही शंका कोणी घेऊ नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल गावोगावी चालते आणि तूर दाणा म्हणून न विकता डाळ म्हणून विकणारे बचत गट आपल्या भागात आहेत. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात ज्वारीची पाकिटे आली. पाकिटाचा भाव आणि मोंढ्याचा भाव यांतले अंतर मात्र कोणी मोजले नाही.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. वरून काळी आणि आतून बुरशीने पोखरलेली ज्वारी यांत फरक आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावर अवेळी पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन काही गावांत लोक आजारी पडले होते. दाणा फोडल्यावर आत खडूसारखा भुसभुशीत किंवा रंग बदललेला दिसला, तर तो माणसाच्या ताटात जाता कामा नये, सोलूनही नाही. आपली चाचणी आपल्या फायद्याची असली तरी प्रामाणिक असली पाहिजे. नाहीतर आपले भांडेही पितळीच ठरेल.

बैठकीपुढे आमची सूचना

प्रत्येक तालुक्याने या हंगामात दोन चाचण्या कराव्यात आणि त्यांची वही ठेवावी.

एक, ज्वारीची. बाजारात 'खाद्याचा माल' म्हणून नाकारलेल्या ढिगातून दहा किलो दाणे घ्यावेत. उफणून तोलावेत, शंभर दाणे फोडून आतून खराब किती ते मोजावेत. आतून चांगले निघाले तर माल सोलून घ्यावा. दाणा किती, साल किती, ते लिहावे. पीठ करावे आणि भाकरी गावातल्या आयाबहिणींपुढे ठेवावी. भाकरी कशी झाली हे त्यांच्याइतके कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

दोन, कापसाची. एकाच वेचणीचा वाळलेला दहा किलो कापूस डोळ्यांदेखत जिन करून रुई, सरकी आणि घट वेगवेगळी तोलावी. क्विंटलला ३४ किलो रुई धरून भाव सांगितला आणि उतारा ३६ चा निघाला, तर फरक काय पडतो? समजा रुई किलोला १५० रुपये आणि सरकी ३० रुपये. दोन किलो रुईचे ३०० वाढले, दोन किलो सरकीचे ६० गेले. क्विंटलमागे २४० रुपये आपल्या घरातून गेले, आणि ते गेल्याचे आपल्याला कळलेसुद्धा नाही.

या आकड्यांनी दुसऱ्या दिवशी भाव वाढेल असे आम्ही सांगत नाही. मिनेसोटाला पितळी भांड्यापासून कायद्यापर्यंत जायला सात वर्षे लागली. परंतु वीस तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या तर बाजार समितीत, खरेदी केंद्रावर आणि कृषी विद्यापीठाच्या दारात आपण तक्रार घेऊन जाणार नाही, हिशेब घेऊन जाऊ. ज्वारी सोलण्याचे यंत्र घ्यावे की नाही, ते गावाने घ्यावे की पाच गावांनी मिळून, हेही त्या वहीवरून ठरवता येईल. कर्ज काढून यंत्र आणायचे आणि मग त्याला काम शोधायचे, हा उलटा धंदा आपल्याला नको.

बैठकीला येणाऱ्या प्रत्येक तालुका प्रतिनिधीने आपल्या बाजारात नाकारलेल्या ज्वारीची शेरभर पुडी सोबत आणावी. पुडीवर गाव, वाण, काढणीची तारीख आणि सांगितलेला भाव लिहिलेला असावा. पहिल्या चाचण्या तिथेच, सर्वांसमोर करू.