कपाळावर काय लिहिलंय?

बाळाच्या कपाळावर सटवाई नशीब लिहून जाते म्हणतात. आमच्या मावशीच्या कपाळावरचं एका मशीनने लिहिलं, आणि तेही अर्धवट.

मावशी विठ्ठलवाडीला राहते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर बोन स्कॅन सांगितला. टेक्नेशियमचं इंजेक्शन, मग दोन-तीन तास पाणी पीत बसायचं. जिथे नवं हाड बनत असतं तिथे हे औषध जास्त गोळा होतं आणि चित्रात काळं दिसतं. का बनतंय, ते त्याला ठाऊक नसतं. कॅन्सर असो, जुना मार असो की किडलेली दाढ, डाग तो डागच.

मावशीच्या कपाळावर तो दिसला. एकटाच, बाकी हाडं स्वच्छ. रिपोर्टात वाक्य : 'कॅन्सरचा प्रसार नाकारता येत नाही.' झालं, पाठवलं घरी. पुढचे आठ दिवस... जाऊ दे. कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. अहो, अंबरनाथ लोकल उद्या वेळेवर येईल हेही नाकारता येत नाहीच की!

मग दुसरीकडे पुन्हा इंजेक्शन, यावेळी स्पेक्ट-सीटी. कॅमेरा डोक्याभोवती फिरतो, त्याच टेबलावर सीटी होतो आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतात. दिसलं काय, तर कपाळाचं हाड आतल्या बाजूने दोन्हीकडे जाड, उंचसखल. मधली रेघ मोकळी, बाहेरचा थर शाबूत. हायपरऑस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना. नाव भारदस्त, पण बहुधा निरुपद्रवी. पाळी गेलेल्या बायकांत बऱ्यापैकी आढळणारं.

माझं म्हणणं, हे पहिल्याच दिवशी का नाही? टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तास. पेशंट समोर, औषध हाडात. जास्तीची वीसेक मिनिटं लागली असती. आपल्याकडे ही विद्या काही नवी नाही, परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. सीटीने किरणोत्सर्ग वाढतो, खर्च वाढतो, मान्य. म्हणून सगळ्यांचा नकोच. पण कवटीतला असा एकटा, संशयाचा डाग असेल तिथे तरी करा. मशीन नसेल तर निदान पेशंट घरी जाण्याआधी पुढे कुठे जायचं ते सांगा. काही डाग त्यानंतरही उलगडत नाहीत, एमआरआय किंवा बायॉप्सी लागते. आणि कॅन्सरच निघाला तर तोही आठ दिवस आधी कळलेला बरा.

मावशीला सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझं डोकं जाड आहे, एवढंच ना? हे तर तुझे काका चाळीस वर्षं सांगतायत."