पाहुण्यांनो, दाखला देण्याची घाई कशाला?



८ ऑगस्ट २०१७ रोजी केनियात अध्यक्षपदासाठी मतदान झालं. त्याच्या काही दिवस आधी निवडणूक आयोगाची संगणक यंत्रणा सांभाळणारे ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला होता. तरीही मतदानानंतर दोनच दिवसांत परदेशी निरीक्षकांनी नैरोबीत आयोगाची पाठ थोपटली. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी त्यांच्यात होते.

तोवर हजारो केंद्रांचा ‘३४ अ’ फॉर्म यायचा होता. केंद्राध्यक्ष आणि उमेदवारांचे प्रतिनिधी ज्यावर सह्या करतात, तो हा कागद. ११ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हाही सगळे फॉर्म आले नव्हते. पुढे कोर्टात तपासणी झाली तेव्हा मतदारसंघांच्या काही फॉर्मवर वॉटरमार्क नव्हता, काहींवर तर निवडणूक अधिकाऱ्याची सहीसुद्धा नव्हती! १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी ती निवडणूक रद्द केली. पाहुण्यांना जे दिसलं नाही, ते घरच्या न्यायाधीशांनी शोधून काढलं.

हे न्यायालय आलं २०१० च्या राज्यघटनेतून, आणि त्या घटनेची वाट मोकळी झाली २००८ च्या समझोत्याने. २००७ च्या निवडणुकीनंतर हजाराहून जास्त माणसं मारली गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान नैरोबीत ४१ दिवस ठाण मांडून बसले आणि दोन्ही पक्षांना समझोत्यावर सही करायला लावली. बाहेरच्यांनी करायची मदत ती ही. २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने केंद्रनिहाय फॉर्म संकेतस्थळावर टाकले, कुणालाही घरबसल्या बेरीज करता आली. हा कोर्टाच्या दणक्याचा परिणाम.

याच्याशी आपलाही संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीच्या मोठ्या देणगीदारांत भारत आहे, आणि आपला निवडणूक आयोग परदेशी अधिकाऱ्यांना दिल्लीत प्रशिक्षण देतो. पैसा आपल्या करातला आहे. तो न्यायालयांच्या कचेऱ्यांना, मतदार याद्यांच्या दुरुस्तीला, मोजणीवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक संघटनांना वर्षानुवर्षं मिळाला पाहिजे. आणि निवडणुकीच्या याचिकेचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही पाहुण्याने ‘निवडणूक निर्दोष’ असा दाखला देऊ नये.

आपल्या खासदारांना आजच पत्र लिहा: परदेशातल्या लोकशाहीसाठी भारत देतो तो पैसा नेमका कुठे जातो, हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारा.