ग्रंथाला प्रतिसंस्कर्ता हवाच

आपणही एखादे पुस्तक लिहावे, अशी इच्छा बहुतेक वैद्यांच्या मनात कधी ना कधी येते. माझ्याही मनात ती होती. वीस वर्षांच्या व्यवसायात रुग्णपत्रिकांच्या समासात लिहिलेली टिपणे साठत गेली होती. ज्वराच्या विविध अवस्था, त्यांतील औषधयोजना, अनुपान आणि पथ्य यांवरील ही टिपणे संकलित करून दोन वर्षांपूर्वी मी त्यांना ग्रंथरूप दिले. प्रकाशक मिळाला नाही म्हणून लेखकच प्रकाशक झाला. या अनुभवाने जे शिकविले, ते व्यवसायबंधूंपुढे आणि औषधालयचालकांपुढे मांडणे हे मी कर्तव्य समजतो. कारण त्यात माझ्या हातून घडलेल्या एका गंभीर चुकीची कबुलीही आहे.

स्वतः पुस्तक काढणे आज अवघड राहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक व्यक्तिगत लेखकालाही विनामूल्य मिळतो. डेमी आकाराची १६० पृष्ठे म्हणजे १६ पानी १० फॉर्म. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई आणि बांधणी होऊन अडीच महिन्यांत ५०० प्रती माझ्या चिकित्सालयात येऊन पडल्या. स्वयंप्रकाशकालाही प्रकाशकाची कायदेशीर कर्तव्ये चुकत नाहीत, हे मला तेव्हाच कळले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. विक्रीचा हिशेब मात्र निराशाजनक ठरला. वितरक ४० टक्के सवलत मागतात आणि तीही विकल्या गेलेल्या प्रतींपुरतेच पैसे देण्याच्या बोलीवर. खर्चाची निम्मी रक्कमही अद्याप हाती आलेली नाही. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे.

माझ्या हस्तलिखितात रसकल्पांच्या मात्रा जुन्या वळणाने गुंजेत लिहिल्या होत्या आणि जागा वाचावी म्हणून ‘गुं.’ असा संक्षेप केला होता. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला गुंज हे मान ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने कोष्टकातील चार ठिकाणी ‘गुं.’चे ‘ग्रॅ.’ केले. मी मुद्रिते तीन वेळा वाचली. परंतु लिहिणाऱ्याचा डोळा छापलेले वाचत नाही, मनात असलेलेच वाचतो. त्रिभुवनकीर्ति रसाची १ गुंज मात्रा १ ग्रॅम म्हणून छापली गेली. गुंज म्हणजे साधारण १२५ मिलिग्रॅम. म्हणजे मात्रा आठपट झाली, आणि तीही वत्सनाभयुक्त कल्पाची. वत्सनाभाच्या अतिमात्रेने हृदयाची गती बिघडते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रकाशनाला तीन आठवडे झाले असतील. एका तालुक्याच्या गावाहून औषधालयचालकाचा दूरध्वनी आला. “डॉक्टरसाहेब, आमच्याकडे एका नव्या डॉक्टरांची चिठ्ठी आली आहे. त्रिभुवनकीर्ति एक ग्रॅम, दिवसातून तीनदा. मी विचारले, तर ते म्हणाले, तुमच्या पुस्तकात तसेच आहे. मी औषध दिलेले नाही. आपण एकदा पाहता का?” मी पुस्तक उघडले आणि हातपाय गळाले.

तोवर १४० प्रती बाहेर गेल्या होत्या. त्याच दिवशी विक्री थांबविली, शुद्धिपत्र छापून घेतले, पत्रे पाठविली, दूरध्वनी केले. तरीही ३१ प्रतींचा माग लागला नाही. त्या एका अधिवेशनातील विक्रीकेंद्रावर रोखीने गेल्या होत्या. त्या कोणाच्या मेजावर असतील, हा विचार आजही स्वस्थ बसू देत नाही.

दोष त्या मुलाचा नाही, माझा आहे. आणि तो केवळ निष्काळजीपणाचा नाही, पद्धतीचा आहे. आपल्या परंपरेत ग्रंथ एकहाती पूर्ण होत नसे. अग्निवेशाच्या तंत्रावर चरकाने प्रतिसंस्कार केला; पुढे दृढबलाने चिकित्सास्थानातील १७ अध्याय, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान यांची पूर्ती केली. अर्वाचीन काळात यादवजी त्रिकमजी आचार्यांनी निर्णयसागरसाठी संहिता संपादित करताना निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद तळटीपांत नोंदविले. प्रकाशकाकडे पुस्तक गेले की निदान एक संपादक ते वाचतो. स्वयंप्रकाशनात ही दुसरी दृष्टीच नाहीशी होते, आणि वैद्यकाच्या पुस्तकात तिची किंमत लेखकाला नव्हे, रुग्णाला मोजावी लागते.

दुसरा धोका प्रलोभनाचा. माझे हस्तलिखित पाहून एका औषधनिर्मात्याने २०० प्रती घेण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच की, शास्त्रोक्त कल्पांच्या जागी त्यांच्या उत्पादनांची नावे घालावीत. मी नकार दिला. पण खर्चाच्या ओझ्याखाली वाकलेल्या सर्वांनाच तो देता येईल असे नाही. वैद्याचे पुस्तक मूल्यपत्रक झाले, की त्यावरचा विश्वास संपतो.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या संघटनेने एक लहानसे ग्रंथपरीक्षण मंडळ स्थापावे. त्यात एक अनुभवी चिकित्सक, एक रसशास्त्राचा जाणकार आणि एक औषधालयचालक असावा. हे मंडळ लेखकाची मते तपासणार नाही. मात्रा, द्रव्यनामे आणि संहितांचे संदर्भ एवढेच तपासील. ‘मंडळाच्या नावाखाली मुस्कटदाबी होईल’, अशी शंका काही ज्येष्ठांनी बोलून दाखविली आहे. कार्यकक्षा लेखी ठरविली आणि परीक्षण ऐच्छिक ठेवले, तर तिला जागा राहणार नाही. लेखकांनीही मात्रा संक्षेपात न लिहिता पूर्ण शब्दांत आणि मिलिग्रॅममध्ये द्याव्यात. आणि आता थोड्या प्रती छापणे शक्य असल्याने प्रथम २५-३० प्रतीच काढून जाणकारांकडे वाचनास द्याव्यात.

औषधालयचालकांना एकच विनंती. चिठ्ठी वैद्याची असो वा आधार छापील पुस्तकाचा असो, मात्रा खटकली तर अवश्य विचारा. तो आगाऊपणा नाही, तो आपल्या व्यवसायाचा धर्म आहे.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते सध्या चार जण वाचत आहेत. त्यांत ते तालुक्याच्या गावचे औषधालयचालकही आहेत. मागच्याच आठवड्यात त्यांनी अनुपानाच्या कोष्टकातील आणखी दोन चुका दाखवून दिल्या.